क्लच सोडताना

12 जुलै 2025, पाटण

मेस्त्रींनी उतरवलेली क्लचप्लेट बाकावर ठेवली आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवली. लायनिंग झिजून रिवेटांच्या पातळीला आलेलं, रिवेटांची डोकी घासून चकचकीत. प्रेशरप्लेटवर निळे-जांभळे डाग, तापून पडलेले. साबण लावूनही बोटांना करपट वास येतोय.

मोरगिरीच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावर म्हैस अडली होती. शेवटचा चढ मुरमाचा, पावसाने मधोमध चर पाडलेला. अर्ध्यावर चाक चरात गेलं. मग थांबा, हाफ क्लचवर धरा, थोडं मागं, थोडं पुढं. गाडी चढली, म्हैस मोकळी झाली, पण येताना तिसऱ्या गिअरात इंजिन नुसतं ओरडायचं आणि वेगाचा काटा जागचा हलायचा नाही.

"नवी प्लेट टाकतो. पण इंजिनपण आता दमलंय, मॅडम. दिवाळीपर्यंत रेटा आणि दुसरी बघा," मेस्त्री म्हणाले. मग फडक्याला हात पुसत, "फोर बाय फोर बघा. आणि ऑटोमॅटिक बघा."

मला वाटलं चेष्टा चाललीय. जन्मभर गिअरबॉक्स उघडणारा माणूस ऑटोमॅटिक घ्या म्हणतो! तर म्हणाले, "वरच्या वाड्यांच्या गिऱ्हाइकांच्या प्लेटांवर माझ्या पोरीचं लगीन झालं. आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

15 जुलै

जेवताना विषय काढला. ह्यांनी घास तसाच हातात धरला. "ऑटोमॅटिक सिग्नलला उभं राहणाऱ्यांनी घ्यावी. आपल्या वाटेवर सिग्नल कुठंय?"

ह्यांचं शिक्षण सासऱ्यांच्या जीपवर झालंय. महिंद्राने 1947 पासून मुंबईत विलिसच्या जीपा जोडायला घेतल्या, त्याच वंशातली ती. तीन गिअर, त्यातल्या पहिल्याला सिंक्रोमेश नाही, म्हणजे पहिला टाकायचा तर गाडी पार थांबवा नाहीतर डबल क्लच मारा. मोठ्या दांड्याच्या शेजारी फरशीतून आणखी दोन आखूड दांडे वर आलेले: एक पुढच्या चाकांना जोर द्यायचा, दुसरा लो गिअरचा. लग्नानंतर मी गाडी शिकले ती त्याच जीपवर, आणि मास्तर हेच. शाळेतल्या पोरांवर ओरडायचे नाहीत तेवढे माझ्यावर ओरडले. तेव्हाचा एक नियम अजून मोडलेला नाही: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा.

आज त्यांनी जुनं अस्त्र काढलं. चढावर गाडी बंद पडली तर क्लचला हात लावायचा नाही (पाय म्हणायचं होतं), लोचा पहिला तसाच ठेवायचा आणि किल्ली फिरवायची. स्टार्टरच्या जोरावर गाडी दोन पावलं चढते आणि तेवढ्यात इंजिन पेटतं, मागे घसरणं नाही. खरंय, मी स्वतः केलंय. पण आता बहुतेक नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही. हे सांगितलं तर म्हणाले, "मग ती मॅन्युअलसुद्धा खरी मॅन्युअल नव्हे." ह्यावर काय बोलणार?

जे बोलायचं होतं ते मी ताटावर काढलं नाही. ह्यांचा डावा गुडघा. रात्री-अपरात्री हे माझ्याबरोबर येतात ते दिवा धरायला नव्हे. वासरू आडवं असलं की तासभर हात खांद्यापर्यंत आत असतो, बाहेर आल्यावर बोटांत पेन धरवत नाही. परतीला गाडी हेच चालवतात. घाट उतरताना क्लच दाबताना तोंड वाकडं होतं ते अंधारात मला दिसत नाही अशी त्यांची समजूत आहे.

19 जुलै

पाऊस धरून बसलाय, फोन नाही. चढावर नेमकं काय बिघडतं ते मांडून बघते.

मॅन्युअलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ती चकती. धरली की धरली, सोडली की सुटली. मधली अवस्था, म्हणजे आपला हाफ क्लच, चकती घासण्याची. घासली की तापते, तापली की जळते. आणि चिखलाच्या चढावर नेमकी तीच अवस्था लागते, कारण चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जायचं असतं आणि पहिल्या गिअरला तो वेग फारच कमी पडतो. ट्रान्स्फर केसमध्ये लो असेल तर चाकं आणखी सावकाश फिरतात, जोर त्याच पटीत वाढतो, मग हाफ क्लचची गरज क्वचित. माझ्या जुन्या गाडीला फोर बाय फोरच नाही, त्यामुळे लोही नाही. म्हणजे जळालेली प्लेट हा मॅन्युअलविरुद्धचा पुरावाच नव्हे. लो नसल्याचा पुरावा आहे. हे ह्यांना सांगितलेलं नाही.

ऑटोमॅटिकमध्ये चकतीच्या जागी तेल. इंजिनकडचं पात्यांचं चाक तेल फेकतं, समोरचं गिअरबॉक्सकडचं चाक त्या तेलाने फिरतं आणि दोघांच्या मध्ये स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून देतो. गाडीचं चाक दगडाला अडलं की दोन्हींच्या वेगात तफावत पडते, आणि ती तफावतच जोर वाढवते, साधारण दुपटीपर्यंत. ह्याचं नाव टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन बंद पडत नाही. ताण चढत जातो, हिसका बसत नाही. वासरू ओढताना मी वाड्यावरच्या माणसांना हेच घसा फोडून सांगत असते: दोरीला हिसका नको, कळ आली की सलग ओढा, कळ गेली की ताण धरून ठेवा, ढिलं सोडू नका. हिसक्याने वासराचा पाय जातो. चिखलात हिसक्याने टायरची पकड जाते, आणि एकदा चाक जागेवर फिरायला लागलं की ते स्वतःचाच खड्डा खणतं.

तेलाचा दोष असा की तेही तापतं. हाय रेंजमध्ये ठेवून चढावर नुसती रेस करत बसलं तर आत तेल घुसळत राहतं आणि सगळी उष्णता त्यातच साठते. त्यालाही औषध तेच, आधी लो टाका. थोडक्यात, मॅन्युअल असो की ऑटोमॅटिक, लो नसलेली गाडी घ्यायची नाही एवढं तरी आज ठरलं.

2 ऑगस्ट, कराड

शोरूममधल्या मुलाने थार दाखवली. लाल, झगझगीत, किंमतही हलकी. दार उघडून आत बघितलं तर लोचा दांडाच नाही. जानेवारी 2023 पासून थार नुसत्या मागच्या चाकांवरही मिळते, ती ही. "मॅडम, दिसायला सेम टू सेम," मुलगा म्हणाला. म्हशीच्या मालकाला दिसायचंच काय ते असतं तर मी गाडी धुऊनच नेली असती.

मग म्हणाला, ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्या सारख्याच. तसंही नाही. बऱ्याच स्वस्त गाड्यांत असते ती एएमटी. तिच्यात क्लच आणि गिअरबॉक्स नेहमीचेच, फक्त क्लच दाबायचं काम पायाऐवजी यंत्र करतं. चढावर ती यंत्राच्या पायाने हाफ क्लच करते, म्हणजे जळायचं ते जळणारच, वर तो पाय आपल्या ताब्यात नाही. थारमध्ये टॉर्क कन्व्हर्टरच आहे, सहा गिअरांचा. त्या मुलाला हे आज माझ्याकडून कळलं.

हे सगळा वेळ गुरखाचं पत्रक वाचत होते. आकुर्डीच्या फोर्सची गाडी, पुढच्या-मागच्या दोन्ही अॅक्सलना हाताने लावायचं डिफरन्शियल लॉक, नाकपुडीसारखी वर काढलेली हवेची नळी, 700 मिमी पाण्यातून जाते म्हणतात. आणि फक्त मॅन्युअल. ऑटोमॅटिकचा पर्यायच नाही. "बघ, ज्यांना कळतं त्यांनी प्रश्नच ठेवला नाही," हे म्हणाले. बसून पाहायला म्हणून चढले. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. उतरताना दाराची कड धरली.

10 ऑगस्ट

लेक पुण्याहून आलीय. तिचं म्हणणं जिमनी घ्या. आमच्या वाड्यांच्या वाटांना तिची रुंदी, 1645 मिमी, फार सोयीची; समोरून उसाची गाडी आली तर बाजूला व्हायला जागा उरते. वजनाला हलकी, म्हणून चिखलात रुतायची कमी. लो आहे. मॅन्युअलला पाच गिअर, ऑटोमॅटिकला चार.

तिला कागदावर गणित मांडून दाखवलं. पहिला गिअर, लो आणि अॅक्सल ह्यांचे आकडे एकमेकांनी गुणले की इंजिनचे किती फेरे झाले म्हणजे चाकाचा एक होतो ते कळतं. जिमनी मॅन्युअल: 4.425 गुणिले 2.002 गुणिले 4.090, म्हणजे 36 च्या वर. ऑटोमॅटिक: 2.875 गुणिले 2.002 गुणिले 4.300, म्हणजे 25 ला थोडे कमी. चढताना हा फरक कळत नाही, कारण 25 ला कन्व्हर्टर आपला जोर लावतो आणि उलट पुढेच जातो. पण कन्व्हर्टरची ही करामत इंजिनकडून चाकाकडे चालते. उतारावर चाकं इंजिनला फिरवत असतात, तेव्हा दुप्पट-बिप्पट काही नाही, उरतात नुसते 25. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आणि 25. म्हणजे ब्रेकवर पाय.

लेक म्हणाली, "आई, चढण्याचं सगळे बोलतात. तू उतरण्याचं काय घेऊन बसलीस?"

कारण वर जाताना मी ताजी असते, उजेड असतो बहुधा, आणि नाही चढली गाडी तर उरलेलं चालत जाता येतं, कित्येकदा गेलेय. उतरताना रात्र, थकवा, ओला मुरूम. चढ जमला नाही तर गाडी थांबते. उतार जमला नाही तर थांबत नाही.

16 ऑगस्ट

काल लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करायचं जाहीर झालं, दिवाळीपर्यंत. आज शोरूमच्या मुलाचा फोन, आवाज पडलेला. कुणी बुकिंगच करत नाहीये म्हणे. मीही थांबते म्हटलं.

20 ऑगस्ट

कोयनेचे दरवाजे उघडलेत. वरच्या तीन वाड्यांची वाट बंद. फोनवर औषधं सांगतेय. एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाय, तू येत न्हाईस तर गाईला काय सांगू?"

24 ऑगस्ट

आज खरी परीक्षा झाली. सड्यावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम घेतलेला एक ओळखीचा मुलगा आहे. त्याच्याकडे डिझेल थार ऑटोमॅटिक, भागीदाराकडे तीच मॅन्युअल. इंजिन एकच, 2.2 लिटर, 130 हॉर्सपॉवर, 300 न्यूटन-मीटर. असा योग शोरूमला जन्मात यायचा नाही. "मॅडम, आमच्या कुत्र्याला वाचवलंत, गाडी काय," म्हणत दोन्ही घेऊन आला.

जागा मीच निवडली: सड्यावरून खालच्या वाडीला उतरणारी जांभ्या दगडाची वाट. मध्ये गुडघाभर उंचीची पायरी, पुढे वळण, वळणावर लाल चिखल.

वर जाताना ऑटोमॅटिक. फोर-लो, पहिला गिअर धरून. पायरीपाशी पुढची चाकं टेकली. जुन्या गाडीत इथे माझा श्वास अडकतो: किती रेस, किती क्लच, मागं गेली तर. इथे डाव्या पायाला कामच नाही. रेस हळूहळू दाबली, काही क्षण काहीच झालं नाही, इंजिनचा आवाज जड झाला, आणि मग पुढचा भाग सावकाश वर उठला. वर आल्यावर मुद्दाम मधेच थांबले. पुन्हा निघाले. काही नाटक नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर राहिले हे मला नंतर लक्षात आलं.

मग मॅन्युअल. तीच पायरी. जमली, छान जमली. लोमुळे हाफ क्लच अगदी क्षणभर लागला. पण चिखलाच्या वळणावर मी नको तिथे थांबले आणि गाडी बंद पडली. पुन्हा ब्रेक, क्लच, किल्ली, हँडब्रेक. हे जमत नाही असं नाही, रोजचं आहे. फक्त चार गोष्टी एकदम आणि त्यातली एक डाव्या गुडघ्याने.

उतार मात्र मॅन्युअलचा. हे चालवत होते. फोर-लो, पहिला, दोन्ही पाय पेडलवरून बाजूला. गाडी जणू कुणी मागून दोरीने धरलीय अशी एकसारखी खाली आली, पायरीवरूनसुद्धा. ब्रेकचा लाल दिवा लागला नाही. मुलगा पुढे चालत वाट दाखवत होता, गाडी त्याच्या टाचेला टाच लावून. खाली उतरल्यावर ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मास्तरांचं म्हणणं सिद्ध झालेलं. दार उघडून पाय खाली टेकला, आणि तसेच बॉनेटला हात लावून उभे राहिले. मी पवनचक्क्यांकडे बघत राहिले.

ऑटोमॅटिकने मी उतरले. दांडा मॅन्युअल बाजूला ओढून पहिला लावलेला. धरते, चांगली धरते, डिझेल आणि लो आहे म्हणून. पण पायरीनंतर जरा निसटल्यासारखी वाटते, तिथे ब्रेक लावावा लागला. दुसऱ्यांदा हिल डिसेंटचं बटण दाबून आले. चाकाचाकातून खर्रखर्र आवाज येतो, गाडी आपणहून एकेका चाकाचा ब्रेक धरत-सोडत उतरते. काम करते. पण ते ब्रेकच, इंजिन नव्हे, आणि लांब उतारावर ब्रेक किती तापवायचे याला मर्यादा असते. लोचा पहिला आणि वर गरजेपुरता ब्रेक, हे मला बरं वाटलं. जिमनीच्या कागदी 25 ची भीती मात्र इथे वाटली नाही.

ऑटोमॅटिक चालवायला ह्यांना किल्ली दिली तर "राहू दे" म्हणाले.

4 सप्टेंबर

काल जीएसटी परिषदेने ठरवलं. 22 पासून. फोर बाय फोर डिझेल थारवर आतापर्यंत सेस धरून 48 टक्के होते, ते 40. म्हणजे लाखभराचा फरक. गंमत अशी की दोनच चाकं ओढणाऱ्या डिझेल थारवर 31 वरून थेट 18, कारण तिचं इंजिन दीड लिटरचं. दिसायला सेम टू सेम गाडीला सरकारची जास्त माया.

मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकमध्ये दीड लाखाच्या आसपास अंतर आहे. कर उतरला तर त्यातलं बरंचसं भरून निघतं. मी हे मोठ्याने म्हटलं. ह्यांनी पेपर उलटला.

10 सप्टेंबर

पितृपक्ष. गाडीचं नाव काढायचं नाही, असं सासूबाईंचं फर्मान. म्हणून इतिहास वाचत बसले, त्याला कुणाची हरकत नाही.

टॉर्क कन्व्हर्टर मुळात रस्त्यावरचा नव्हेच. हेर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1905 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, स्टेटिनच्या जहाजबांधणी कारखान्यात असताना, वाफेचं टर्बाइन आणि जहाजाचा पंखा यांच्यात तेलाचा दुवा म्हणून. मोटारीत पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ऑटोमॅटिक 1940 च्या ओल्ड्समोबिलमध्ये, हायड्रामॅटिक नावाची. तिच्यात जोर वाढवणारा कन्व्हर्टर नव्हता, पण तेलाचा दुवा होताच. आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी हीच हायड्रामॅटिक एम 5 स्टुअर्ट रणगाड्यात बसवली, पुढे एम 24 चॅफीमध्येही. म्हणजे ज्या युद्धात सासऱ्यांच्या जीपची आजी तीन गिअर टाकत धावत होती, त्याच युद्धात रणगाडे ऑटोमॅटिक होते.

हे मी चहाबरोबर वाढलं. "रणगाडे?" हे म्हणाले. "रणगाडे," मी म्हटलं. त्यानंतर बराच वेळ त्यांनी काही विचारलं नाही, पण मोबाइल घेऊन ओटीवर जाऊन बसले.

आणखी एक. हायलक्सचं 2.8 डिझेल इंजिन मॅन्युअलबरोबर 420 न्यूटन-मीटर देतं आणि ऑटोमॅटिकबरोबर 500. इंजिन तेच. "खरा जोर मॅन्युअलला" म्हणणाऱ्यांनी ह्याचा हिशेब द्यावा.

13 सप्टेंबर

मेस्त्रींकडे जाऊन उलट तपासणी केली. ऑटोमॅटिक बिघडली तर?

"मी उघडणार नाही. उघडता येत नाही असं नाही, पण मग बसवता येणार नाही." म्हणजे कराड-सातारा, नाहीतर पुणं. क्लचप्लेट ते दुपारपर्यंत बदलतात. हा फरक मोठा आहे आणि त्याला उत्तर नाही. तेल वेळेवर बदलायचं, लो टाकल्याशिवाय चिखलात झटापट करायची नाही, एवढंच आपल्या हातात.

धक्का मारून सुरू होत नाही, हे दुसरं. बॅटरी उतरली तर मॅन्युअल उतारावर सोडून दुसऱ्यात क्लच सोडला की पेटते. ऑटोमॅटिकला ते नाही. मेस्त्री म्हणाले, बॅटरी ठार मेली तर नवी मॅन्युअलपण पेटत नाही, तिच्या कॉम्प्युटरला करंट लागतो. "हजार-दोन हजाराची वायर ठेवा डिकीत." टोचनाचंही आहे: चाकं जमिनीवर ठेवून ऑटोमॅटिक लांब ओढली तर आतल्या गिअरांना तेल पोचत नाही. थारच्या लोच्या दांड्याला न्यूट्रल असतो. पण पुस्तक वाचून मगच काय ते.

17 सप्टेंबर

ढेबेवाडीकडून परत येताना हे चालवत होते. उतारावर ट्रकमागे अडकलो, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. एका वळणापुढे गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, दिवे चालू ठेवले. म्हणाले, "तू घे."

माझे हात अजून साबणाच्या पाण्याने सुरकुतलेले. जागा बदलली. घरी येईपर्यंत कुणी गाडीचा विषय काढला नाही.

माझ्यापुरतं बोलायचं तर मी मॅन्युअलच घेतली असती. उतारावर ती जास्त प्रामाणिक आहे, आणि मला ती आवडते. पन्नाशीत हे कबूल करायला हरकत नाही. पण रात्री अडीच वाजता वरून खाली येणारी गाडी आम्हा दोघांपैकी ज्याचं शरीर त्या वेळी शाबूत असेल त्याला चालवता आली पाहिजे. त्या वेळी शाबूत म्हणजे माझे हात तरी नाहीतर ह्यांचा पाय तरी. दोन्ही एकदम क्वचित.

22 सप्टेंबर, घटस्थापना

बुकिंग केलं. थार, डिझेल, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पितृपक्ष संपला आणि कर उतरला, दोन्ही एकाच सकाळी. फॉर्मवर "ट्रान्समिशन" असा रकाना होता, तो ह्यांनी भरला. अक्षर सुंदर, नेहमीसारखं. रंगाबद्दल माझं मत विचारलं नाही.

22 ऑक्टोबर, पाडवा

गाडी आली. सासूबाईंनी ओवाळलं, चाकाखाली लिंबू. मेस्त्री आले, बॉनेट उघडून पाच मिनिटं आत डोकावले आणि "बसवलंय बरं" म्हणाले. जुनी गाडी त्यांनीच घेतलीय.

कराडहून येताना हे चालवत होते. डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि रुंद ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी थांबली, मागच्या दुचाकीवाल्याने जे म्हणायचं ते म्हटलं. पुढे पुन्हा तसंच. शेवटी मी म्हटलं, डावा पाय सीटखाली घ्या. तेव्हापासून ठीक.

संध्याकाळी दारातल्या चढावर उभी करायची होती. मी थेट पी टाकला, तर हे ओरडले. ह्यांनी पुस्तक वाचलंय, पेन्सिलीने खुणा करून. चढावर आधी ब्रेक, मग न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग ब्रेकवरून पाय काढून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यायचा, आणि सगळ्यात शेवटी पी. नाहीतर सगळं वजन आतल्या एका छोट्या खुंटीवर येतं आणि निघताना दांडा खाटकन् सुटतो. बरोबर आहे. मला परत करायला लावलं, मागे उभं राहून.

रात्री शेजारचे भाऊजी गाडी बघायला आले. "मास्तर, तुम्ही आणि ऑटोमॅटिक?" ह्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि 1905 च्या स्टेटिनपासून सुरुवात केली. रणगाड्यांपर्यंत येताना आवाज चढला होता. हे सगळं कुणाकडून ऐकलं ते काही सांगितलं नाही. मी आत चहा ठेवला.